भातुकलीतून निघालेली आगीनगाडी



आपल्या केंद्रावर रेकॉर्डिंगला येऊन गेलेल्या बायकांना आमची बाहेरची खोली माहीत आहे. दहा बाय दहाची खोली, दोन बाकं, एक माठ. आत एकीचं बोलणं चालू असतं तेव्हा बाकीच्या इथं बसतात आणि बरोबर आणलेली पोरंही इथंच. गेल्या दिवाळीपासून या खोलीत दाराच्या चौकटीपेक्षा उंच, छताला टांगलेल्या फळीवरून एक खेळण्यातली आगीनगाडी फिरते. चारही भिंतींच्या कडेकडेनं जाते आणि परत दारावर येते. कार्यक्रमात मधेच खडखड ऐकू येते ती कसली, असं बऱ्याच जणींनी फोन करून विचारलं. आज त्याच गाडीविषयी बोलायचं आहे. ती आम्ही पुन्हा कशी जोडली ते सांगू, पण त्याहून जास्त ती मुळात आली कुठून ते सांगू. कारण ते शोधताना आमची गाठ एका बाईशी पडली.

ही गाडी आमच्या गावातल्या एका काकांची. ते रेल्वेत गार्ड होते. त्यांचा मेहुणा जर्मनीत नोकरीला होता. तो सुट्टीवर येताना कधी एक डबा, कधी पाच-दहा रुळांचे तुकडे, एकदा इंजिन, असं आणत गेला. काकांनी माडीवरच्या खोलीत वाशांना सळया लावून फळ्या टांगल्या आणि त्यावर रूळ घातले. जमिनीवर जागाच नव्हती. खाली धान्याच्या कोठ्या, दोन खाटा आणि ट्रंका. वर मात्र भिंतीभोवतीची सगळी जागा मोकळी. घरात अडचण न करता मोठा फेरा मिळवायचा तर वरूनच न्यावा लागतो.

काका गेले. पुढच्या पावसाळ्यात कौलं फुटून माडी गळायला लागली. तेव्हा काकूंनी सुनेला स्टूल धरायला लावून सगळी गाडी एकटीनं उतरवली, पुसली आणि बांधून ठेवली. दोन वर्षांनी घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा भंगारवाला ते सामान किलोवर घ्यायला तयार होता. काकूंनी सगळं टेम्पोत घातलं आणि आमच्या दारात आणून उतरवलं. म्हणाल्या, "तुमच्याकडं पोरं असतात. लावा वर."

आम्ही हो म्हणालो. काय काम अंगावर घेतलं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

इंजिन उलटं करून पाहिलं तर पोटावर नाव होतं: मेर्क्लिन. रुळाच्या तुकड्यांच्या खालीही तेच. आमच्यातल्या एकीची मुलगी पुण्याला जर्मन शिकते. ती दिवाळीच्या सुट्टीला आली होती. तिला म्हटलं, हे कोण ते शोधून सांग. तिनं आठवडाभर वाचून दाखवलं, आणि पत्र्याला चिकटलेली माती खरवडता खरवडता आम्ही ऐकत गेलो.

जर्मनीच्या दक्षिणेला, तेव्हाच्या व्यूर्टेंबर्ग राज्यात, ग्योपिंगन नावाचं गाव आहे. तिथं १८५९ साली थिओडोर फ्रीडरिश विल्हेल्म मेर्क्लिन नावाच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिरानं खेळणी करायला सुरुवात केली. गाड्या नव्हेत हं. बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी! कथलाचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे आपल्या भाषेत कल्हईचा पत्रा, कापून, वाकवून, झाळून केलेल्या चिमुकल्या पातेल्या, डाव, चुली. आपण ज्याला भातुकली म्हणतो तीच. फरक एवढाच की आपली भातुकली लाकडाची, मातीची, नाहीतर पितळेची, आणि त्यांची पत्र्याची. तिकडच्या काही बाहुली-चुलींत तर स्पिरिटचा दिवा लावून खरंच शिजवता यायचं. मुलीला खेळता खेळता संसार शिकवावा हा हेतू इथंही आणि तिथंही.

दुकानदार काही ग्योपिंगनला चालत येणार नव्हते. माल गावोगावी दाखवायला हवा. तो दाखवायला निघाली थिओडोरची बायको, कॅरोलिन. नमुने घेऊन दक्षिण जर्मनीत फिरली, स्वित्झर्लंडमध्ये गेली, दुकानदारांकडून मागण्या आणल्या. त्या काळात त्या भागात असं फिरून माल विकणारी बाई म्हणजे नवलच. तिला पहिल्या फिरत्या विक्रेत्या बायकांपैकी एक मानतात.

१८६६ साली नवरा वारला. सात वर्षांचा धंदा आणि घरात लहान मुलं. मुलगा ऑयगन तेव्हा अगदी लहान. धंदा बंद करून कुठंतरी आश्रयाला जाणं हे तिला सोपं होतं, आणि लोकांनी तिला तसं सुचवलंही असेल. तिनं बंद केला नाही. तो वाढला असं म्हणता येणार नाही, पण बुडाला नाही. १८८८ साली मुलांनी कारभार हाती घेतला, तोवर वीस-बावीस वर्षं तिनं तो धरून ठेवला.

आपल्यापैकी ज्यांनी दुकान, पिठाची गिरणी किंवा दोन एकर रान असं एकटीनं सांभाळलं आहे त्यांना 'धरून ठेवला' म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वाढवलं की त्याचा हिशेब होतो, सत्कार होतो. नुसतं टिकवलं तर दिसत नाही. १८८८ साली कंपनीला नवं नाव मिळालं. ते काय होतं माहीत आहे? 'मेर्क्लिन बंधू'.

हे वाचून झालं तेव्हा कोणीच काही बोललं नाही. मग आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "सातबाऱ्यासारखंच की." आणि सगळ्या हसलो.

आता गाडीकडे येऊ. खेळण्यातली रेल्वे मेर्क्लिननं शोधली नाही. जर्मनीतली पहिली खरी आगीनगाडी १८३५ सालच्या डिसेंबरात न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ अशी धावली आणि न्यूरेंबर्ग हे तर खेळण्यांचंच गाव. त्यामुळं पत्र्याची, लाकडाची, दोरीनं ओढायची इंजिनं लवकरच बाजारात आली. इंग्लंडात पितळेची, खरोखर वाफेवर चालणारी छोटी इंजिनं निघाली. त्यांना रूळच नसायचे. पेटवून घरातल्या फरशीवर सोडून द्यायची. ती जातील तिकडे पाणी गाळत जायची, म्हणून लोक त्यांना गमतीनं 'गळकी' म्हणायचे. गालिचावरचे डाग नंतर कोणी काढले असतील, ते इतिहासात नसलं तरी आपल्याला माहीत आहे.

या सगळ्या गाड्या सुट्या होत्या. एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या इंजिनाला लागेलच असं नव्हतं, आणि एकदा खेळणं घेतलं की ते तेवढंच. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत मेर्क्लिननं चावीची गाडी मांडली आणि तिच्याबरोबर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा रूळमार्ग. शिवाय रुळांच्या रुंदीची ठरावीक मापं लावून दिली: एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. याचा अर्थ असा, की आज इंजिन आणि गोल रूळ घ्या, पुढच्या नाताळला दोन सरळ तुकडे, त्याच्या पुढं एक डबा, मग एक सिग्नल. सगळं एकमेकांत बसणार, कारण माप एकच.

ही युक्ती कुठून आली? बाहुलीच्या घरातून. बाहुलीचं घर एकदम कोणी भरत नसे. आधी घर, मग चूल, मग एकेक पातेली. दर सणाला मुलीला एक नग. आपण नाही का दर धनत्रयोदशीला एक भांडं घेत? ज्या कारखान्यानं तीस वर्षं भातुकली विकली होती, त्याला हे पक्कं ठाऊक होतं की पोरांचं खेळणं संपूर्ण विकायचं नसतं, अपुरं विकायचं असतं, म्हणजे गिऱ्हाईक परत येतं. हे ज्ञान लाइपझिगला आकाशातून पडलं नाही. ते दुकानादुकानांत फिरून गोळा झालेलं होतं, आणि फिरलं कोण ते तुम्हाला आता माहीत आहे. तिनंच मुलांना हे सांगितलं असं आम्ही म्हणत नाही. पण घरात ते होतं.

काकांचा मेहुणा दर सुट्टीला एकेक डबा आणत होता, तेही यामुळंच शक्य झालं.

थोडं आणखी एक. खेळण्यांच्या या जर्मन धंद्याचं नाव झालं कारखान्यांचं, पण त्यातलं पुष्कळसं काम घरांत व्हायचं. थुरिंगियातलं झोनेबर्ग हे बाहुल्यांचं मोठं केंद्र. तिथं व्यापारी माल देऊन जायचा, बायका आणि पोरं घरी बसून बाहुल्यांचे हातपाय भरायची, कपडे शिवायची, डोळे रंगवायची, आणि मजुरी मिळायची डझनावर. ज्या मैत्रिणी विड्या वळतात किंवा किलोवर पापड लाटतात त्यांनी हे ऐकून ठेवावं. जगभरच्या श्रीमंत पोरींच्या हातातली बाहुली अशाच एखाद्या स्वयंपाकघरात तयार झालेली असायची, आणि ती करणाऱ्या घरातली पोरं खेळायच्या वयात कामाला बसलेली.

आता आमच्या खोलीत या.

सामान मोजलं. काकूंनी रूळ भिंतीप्रमाणं गठ्ठे करून, जुन्या साडीच्या काठांनी बांधून ठेवले होते. पहिल्या भिंतीच्या गठ्ठ्याला एक गाठ, दुसरीच्या दोन, अशा चार गाठींपर्यंत. वाकडे तुकडे वेगळ्या पिशवीत. वाकडे निघाले १२. सरळ निघाले ५४: दोन गठ्ठ्यांत पंधरा-पंधरा, दोन गठ्ठ्यांत बारा-बारा. यात एक गंमत आहे, ती मुलांना जरूर दाखवा. कोपऱ्यात वळायला तीन वाकडे तुकडे लागतात. चार कोपऱ्यांचे बारा. तेच बारा तुकडे जवळजवळ लावले तर एक पूर्ण गोल होतो. म्हणजे खोलीभर फिरणारा मार्ग हा खरं तर एक गोलच. तो चार ठिकाणी कापून मधे सरळ तुकडे घातले एवढंच. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर सरळ तुकडे सारखेच हवेत. एका भिंतीवर एक जरी जास्त झाला तरी शेवटचं टोक पहिल्याला भेटत नाही.

काकूंची माडी होती दहा बाय बारा. आमची खोली दहा बाय दहा. एक सरळ तुकडा १८ सेंटीमीटरचा आणि वळणाची त्रिज्या ३६. हिशेब केला तर आमच्याकडं चारही भिंतींवर बारा-बारा बसतात. म्हणजे ४८ लागले, सहा उरले. त्यातले चार गंजून गेले होते, दोन जपून ठेवलेत. एका फेरीचा मार्ग जवळपास ११ मीटर भरला.

फळीसाठी सामान आणायला तालुक्याला गेलो. आटे पाडलेल्या सळया, नट, वायसर, प्लायच्या सहा इंची पट्ट्या. दुकानदार म्हणाला, "मोजमाप चुकेल, घरच्या कोणा पुरुषमाणसाला पाठवा." आम्ही कागद पुढं केला. त्यानं दिलं. पण चार सळया आखूड कापून दिल्या, आणि ते घरी आल्यावर कळलं. मोजमाप चुकलं खरं, पण कोणाचं ते बघा!

टांगणं हे बोलायला सोपं. स्लॅबला खुंट्या ठोकून सळया सोडल्या, खाली नटांवर फळी ठेवली. गाडी नुसती हातानं ढकलून बघितली तर सगळी फळी झोक्यासारखी हलायला लागली आणि वळणावर डबे आडवे झाले. वरून धरलेली वस्तू खाली पडत नाही, पण बाजूला हलते. पाळणा त्यासाठीच वरून बांधतात! मग प्रत्येक कोपऱ्यात भिंतीकडून एक लोखंडी कोन लावून फळी अडकवली, तेव्हा ती थांबली.

दुसरी अडचण पातळीची. डोळ्यांना सरळ दिसत होतं. पण गाडी एका बाजूनं पळायची आणि दुसऱ्या बाजूनं कण्हत चढायची. आमच्या गटातल्या एक आक्का पंधरा वर्षं गवंड्याच्या हाताखाली कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "पाण्याची नळी आणा." पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात. पाणी दोन्हीकडं एका उंचीला राहतं, मधे काहीही असो. माठाच्या बाजूचा कोपरा इंचभर खाली निघाला. नट फिरवून वर घेतला. सळयांना आटे असल्याचा फायदा हाच, एकेक सूत वरखाली करता येतं. आक्का आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती पातळीत आणत आल्या, पण नळीचं वरचं टोक आपल्या हातात असण्याची ही पहिलीच वेळ, असं त्या म्हणाल्या. वरच्या टोकाला नेहमी गवंडी असतो.

बाहेरच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी मारली. इंजिन धातूचं आणि वजनदार आहे, खाली पोरं बसलेली असतात. ही पट्टी आम्ही आधी विसरलो होतो. काकूंनी आल्या आल्या पहिली तीच विचारली.

आणि मग ते झालं ज्यासाठी ही सगळी गोष्ट सांगतो आहोत. वीजवाल्या पोरानं ट्रान्सफॉर्मर तपासला, जुनी वायर काढून नवी घातली. रुळांत येणारी वीज फक्त १६ व्होल्टची, तिचा झटका बसत नाही. पण ट्रान्सफॉर्मरच्या भिंतीकडच्या बाजूला घरचीच २३० व्होल्टची वीज असते, म्हणून जुनी वस्तू तपासल्याशिवाय लावू नये. बटण फिरवलं. इंजिन हातभर गेलं आणि थांबलं. ढकललं, पुन्हा हातभर. पोरगा म्हणाला, मोटर गेली. आम्ही वायरी काढल्या, घातल्या. दुपार गेली.

काकू बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मधले खिळे पुसलेत का?"

कसले खिळे? तेव्हा आम्ही रूळ नीट पाहिला. या जातीच्या गाडीत दोन रुळांच्या मधोमध, एकेका पट्टीवर, टाचणीच्या डोक्याएवढे टिंब वर आलेले असतात. वीज येते त्या टिंबांतून. इंजिनाच्या पोटाखाली एक लांब पट्टी असते, ती टिंबांवरून घासत जाते आणि वीज घेते. परत जाते ती बाजूच्या दोन रुळांतून. टिंबांवर गंज किंवा धूळ असेल तर इंजिन उपाशी. आमच्यातली एक लगेच पॉलिश पेपर घेऊन चढली, तर काकूंनी तिला खाली उतरवलं. "कल्हईच्या भांड्याला आतून वाळू लावतेस का तू? मुलामा गेला की दुप्पट गंजतंय. खोडरबर घे."

शाळेतल्या पोरांचं खोडरबर. त्यानं प्रत्येक टिंब घासायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. इंजिनाचं जुनं तेल सुकून गोंदासारखं झालं होतं. ते काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकानं. चाकावरची रबरी कडी सैल झाली होती ती बदलली.

विचारलं, "काकू, हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? वीस वर्षं मीच पुसत होते. ते बटण फिरवायचे."

काकांची वही सामानात होती. फार सुंदर वही. मार्गाचा नकाशा, प्रत्येक डबा कोणत्या साली आला, कोणत्या तारखेला कोण पाहुणे बघायला आले. काकूंच्या पुसण्याविषयी त्यात एक ओळ नाही. त्यांनी लपवलं असं आम्हाला वाटत नाही. काका चांगले होते, काकूही तसंच म्हणतात. ते त्यांना लिहिण्यासारखं वाटलं नाही, इतकंच. आम्ही वहीच्या कोऱ्या पानांवर काकूंच्या तोंडून सगळं लिहून घेतलं: खोडरबर, तेल, किती दिवसांनी, पावसाळ्यात काय करायचं. काकूंना लिहिता येतं, पण त्या म्हणाल्या तुम्हीच लिहा, माझं अक्षर बरं नाही. शेवटी सही मात्र त्यांची घेतली.

गाडी मुलांची आणि भातुकली मुलींची, हे वाटप खेळणं विकणाऱ्यांनी बरीच वर्षं चालवलं. अमेरिकेत लायनेल नावाची मोठी कंपनी होती. तिनं १९५७ साली खास मुलींसाठी म्हणून गाडी काढली. गुलाबी इंजिन आणि फिक्या गोड रंगांचे डबे. खपली नाही. मुलींना गाडी हवी असेल तर ती खऱ्या गाडीसारखीच हवी होती, काळ्या इंजिनाची. आज ती गुलाबी गाडी जुन्या वस्तू जमवणारे लोक भरपूर पैसे देऊन घेतात, कारण फार थोड्या शिल्लक आहेत. आमच्या खोलीत येणाऱ्या मुलींना आम्ही विचारलं, रंग देऊया का इंजिनाला? एक सहा वर्षांची म्हणाली, "आगीनगाडी काळीच असती."

मराठी मुलखाचाही या छंदाशी जुना संबंध आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राजवाड्यात जेवणाच्या मोठ्या टेबलावर रूळ घालून चांदीची छोटी गाडी फिरवत. पाहुण्यांना सिगार आणि मद्य ती पोचवायची, बाटली उचलली की थांबायची. ती तिथल्या संग्रहालयात पाहता येते. त्या बाटल्या भरून पुसून कोण ठेवत होतं, ते काही त्या टेबलावर दिसत नाही. आणि पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथं दिवे, सिग्नल, घाट, अख्खं शहर हलताना दिसतं. गटाची सहल पुण्याला निघाली तर नक्की जा. आम्ही जाऊन आलो. तिथला पसारा पाहून आमच्या एका फळीची लाज वाटली नाही, उलट काय काय जोडता येईल याची यादीच करून आणली.

मेर्क्लिन कंपनीचं पुढं काय झालं, असंही विचाराल. १८५९ पासून मोजलं तर २००९ हे दीडशेवं वर्ष. त्याच वर्षी कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. मुलं गाड्यांशी खेळेनात. पण ती बंद पडली नाही. २०१३ साली दुसऱ्या एका खेळण्यांच्या धंद्यातल्या कुटुंबानं ती घेतली आणि ग्योपिंगनला अजून गाड्या होतात. आमचे उरलेले दोन रूळ खराब झाले तर त्या जातीचे जुने तुकडे आजही मिळतात, आणि ते आमच्या तुकड्यांत बसतात. माप एकच.

आता एक खेळ सांगतो, जो पोरांनीच काढला. आमची गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. म्हणजे खरी ८७ मीटर तर ही १ मीटर. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, अंतर सुमारे ३४ किलोमीटर. आमच्या मापात ते होतं ३९० मीटर, म्हणजे या खोलीच्या ३६ फेऱ्या. पोरं बाकावर बसून मोठ्यानं फेऱ्या मोजतात. छत्तीसला 'ठाणंऽऽ' असा ओरडा होतो.

फक्त नियम एक आहे. आत रेकॉर्डिंग सुरू झालं की दारावरचा लाल दिवा लागतो, आणि तो लागला की गाडी थांबवायची. बटण काकूंच्या हातात असतं. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. आज हे भाषण सुरू झालं तेव्हा अठ्ठावीस फेऱ्या झाल्या होत्या. म्हणजे गाडी भांडुपच्या आसपास उभी आहे, आणि बाहेर सात-आठ पोरं आमचं बोलणं कधी संपतं म्हणून दिव्याकडं बघत बसली आहेत.